भीमाशंकरच्या वाटेवर ‘स्वस्तात’ जमीन मिळतेय, घ्यावी का?

वेताळ टेकडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला बावधन, नोकरी हिंजवडीत. गेली दोन वर्षं घरात एकच विषय चाललाय, कुठंतरी डोंगरात एखादा एकर घेऊन ठेवू. मुळशी-पवनेचे भाव आपल्या आवाक्यातले राहिले नाहीत, म्हणून गेल्या रविवारी एका एजंटाबरोबर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला जाऊन आलो. घोडेगाव सोडलं की डिंभे धरणाच्या कडेकडेनं रस्ता वर चढतो. जागा बघून मी गप्पच झालो, आणि भाव ऐकून बायकोनं कोपरानं ढोसलं.

एजंटानं मोबाइलवर सातबारा दाखवला. सवयीनं झूम केलं, तर इतर हक्कांच्या रकान्यात कलम 36 आणि 36 अ चा शेरा. खातेदार आदिवासी. विचारलं तर म्हणे, “ते इकडं सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतं साहेब. आपण नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करू, वर कुलमुखत्यारपत्र नोटरी करून घेऊ. त्या वळणावरचे तीन बंगले असेच झालेत.”

जमिनीचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, ओट्यावर बसले होते. एजंट त्यांना ‘मामा’ म्हणत होता. त्यांनी कोरा चहा दिला, गवती चहा घातलेला. सगळं बोलणं होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, “विहीर तुमच्याकडं जाईल का?” एजंट म्हणाला, “बघू मामा नंतर.”

तर प्रश्न असा, की हे कायदेशीर आहे का? नसेल तर कायदेशीर मार्ग कोणता? कृपया अनुभवी लोकांनी लिहावं.

---

साठेखत

घेऊ नका. कारण खाली लिहितो, पण उत्तर तेवढंच आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातलं 36 अ म्हणते की 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापुढे काहीही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. अर्ज घेणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही करायचा. नव्व्याण्णव वर्षं हा आकडा त्या एजंटाला कुठून सुचला, देव जाणे.

कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल तर त्यानं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय. आदिवासी जमिनीतच नाही, कुठल्याच जमिनीत येत नाही. आणि असा व्यवहार उघडकीला आला तर जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी लावू शकतात. व्यवहार रद्द, जमीन सरकारकडे, मग मूळ मालकाला विचारणा की तुला परत हवी का. तुमचे पैसे, कंपाउंड, हापूसची कलमं यांचं काय, ते कुणी विचारत नाही.

बऱ्याच जणांचा समज असतो की हे फक्त अनुसूचित क्षेत्रापुरतं (राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागापुरतं) आहे. तसं नाही. खातेदार आदिवासी असेल तर जमीन मावळात असो की हवेलीत, 36 अ लागतंच. आंबेगाव आणि जुन्नरची पश्चिमेकडची गावं त्यावर पाचव्या अनुसूचीतही आहेत, त्यामुळे तिथं 1996 चा पेसा कायदा आणि ग्रामसभा ही आणखी एक पायरी. जमीन अशी बाहेर जाऊ न देण्याचा अधिकार त्या कायद्यानं ग्रामसभेला दिलाय.

---

तिरपागडा

हे सगळं खरं, पण वळणावरचे तीन बंगले उभे आहेतच की. 😀

---

साठेखत

उभे आहेत म्हणजे पचले असं नाही.

---

नातू सदाशिव पेठ

थोडं कटू बोलतो. आमच्या आजोबांची खेडकडची अकरा एकर कुळकायद्यात गेली. एक रुपया धड हातात आला नाही. आजी शेवटपर्यंत तांदूळ निवडताना ‘आपल्या शेतातला असा नव्हता’ म्हणायची. आमची जमीन परत मिळावी म्हणून कुणी कायदा केला नाही. मग एका समाजाच्या जमिनीला कायमचं कुंपण का? विकायची तर विकू द्या ना त्यांना, बाजारभावानं. उलट या बंदीमुळेच ती ‘स्वस्त’ झाली आहे, आणि एजंट तेच विकतोय.

---

साठेखत

शेवटचं वाक्य अगदी बरोबर. जिथं विकायलाच बंदी आहे तिथं चोरवाटेनं विकणाऱ्याला चोरभावच मिळतो. पण बंदी उठवली की भाव मालकाला मिळेल, हे मात्र पटत नाही. 1974 च्या आधी बंदी इतकी कडक नव्हती, तेव्हा काय झालं ते बघा ना. सावकाराकडचे दोन पोती भात आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा, यावर एकरच्या एकर गेले.

कुळकायद्याचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, त्याची दुसरी बाजू पुण्यात फारशी बोलली जात नाही. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसेल तो मालक झाला. पण काही ठिकाणी जमीन आदिवासीची आणि कूळ बिगर आदिवासी, असं होतं. तिथं कुळकायद्यानंच आदिवासी भूमिहीन झाला. म्हणून अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा 1974 चा कायदा जुने व्यवहार उघडताना 1 एप्रिल 1957 पासूनचे उघडतो, आणि कुळ म्हणून मिळालेली मालकीही त्यात धरतो. तुमच्या आजोबांसारखेच तिकडचेही आजोबा होते. फरक इतकाच, की तुमच्या घरात कुणीतरी शिकून नोकरीला लागलं असणार.

---

नातू सदाशिव पेठ

वडील टपाल खात्यात लागले. ही 1957 ची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचतो.

---

घोडकाठ

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी भोसरीत राहतो, चाकणला कंपनीत आहे. गाव डिंभ्याच्या वरच्या अंगाला. आम्ही महादेव कोळी. वर ज्या भागाची चर्चा चाललीये ते माझं घर आहे.

तुम्ही सगळे सातबाऱ्याबद्दल बोलताय. ज्याच्याकडं सातबारा आहे तो आमच्यातला नशीबवान म्हणायचा. आमची भाताची खाचरं धरणात गेली. पाणी कालव्यानं खालच्या तालुक्यांत जातं, तिकडं ऊस उभा आहे, छान आहे. आम्हाला राहिली ती वरची उताराची जमीन. आजा कसायचा तिथं नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि मग चार-पाच वर्षं जमीन तशीच सोडायची. पूर्वी ती जोडीला होती, धरणानंतर तीच मुख्य झाली. पण कागदावर ती वनखात्याची. म्हणजे आजा शेतकरी, बाप अतिक्रमणदार. जागा तीच.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा बाबांनी दावा केला. 13 डिसेंबर 2005 ला जमीन ताब्यात होती एवढं दाखवायचं होतं. काय दाखवणार? वीजबिल नाही, घरपट्टी खालच्या घराची. तेव्हा आईनं माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात साखरेच्या पिशवीत गुंडाळलेली एक पावती होती. 1991 ची. वनरक्षकानं बाबांना केलेला पंचवीस रुपये दंड. त्याच्यावर त्याच्याच हातानं लिहिलेलं: नाचणी, तीस गुंठे. बाबा त्या दिवशी दंड भरून आले तेव्हा आईशी भांडण झालं होतं, की पोराच्या वह्यांचे पैसे गेले. तीच पावती आता पुरावा झाली. ज्यानं चोर म्हणून लिहिलं त्याचंच अक्षर आमच्या बाजूचं साक्षीदार.

वनहक्क समितीची माणसं मोजायला आली, तीही गावातलीच. हातात जीपीएसचं यंत्र घेऊन बांधाच्या कडेनं चालायचं. उतारावर पाय घसरतो म्हणून एक जण वरून तोडून चालला, कोपरा कापला गेला. बाबांनी त्याला परत वरून चालायला लावलं. दोन गुंठ्यांसाठी. मी तेव्हा हसलो होतो.

जिल्ह्याला दावा नामंजूर झाला. कारण: 2005 च्या उपग्रहचित्रात शेती दिसत नाही, झुडपं दिसतात. अहो, त्या वर्षी जमीन पडीक सोडली होती! सोडायचीच असते, नाहीतर पुढं नाचणी येत नाही. उपग्रहाला ते कसं कळणार. आणि ज्या कार्यालयातून ते पत्र निघालं तिथून ते ग्रामपंचायतीत येऊन पडलं आणि तिथंच राहिलं. आमच्या हाती लागलं तेव्हा त्यावरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

---

साठेखत

घोडकाठ, दोन गोष्टी. 2012 मध्ये नियम दुरुस्त झाले, त्यातल्या 12 अ मध्ये सरळ लिहिलंय की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही. फक्त चित्र बघून नामंजूर केलं असेल तर अपिलात हाच पहिला मुद्दा घ्या. दुसरं, नामंजुरी दावेदाराला व्यक्तिशः कळवायची असते. अपिलाची मुदत मोजायची ती तिथून. पत्र ग्रामपंचायतीत पडून होतं, तर बाबांच्या हाती ते कधी आलं याची नोंद कुठं आहे का, तेवढं बघा.

---

शेकरू

विषय भीमाशंकरचा आहे म्हणून लिहिणं भाग आहे. मी वीस वर्षं तिथं पक्षी आणि शेकरू बघायला जातो. 1985 चं अभयारण्य आहे, एकशेतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार मोठं नाही. प्रत्येकानं आपला तुकडा मागितला तर जंगल म्हणून काय उरणार? घोडकाठ यांच्या वडिलांवर अन्याय झाला असेल, नाकारत नाही. पण 2005 नंतर तोडून ‘आम्ही पूर्वीपासून आहोत’ म्हणणारेही मी पाहिलेत. अभयारण्यात तरी हे हक्क देऊ नयेत असं माझं मत.

---

साठेखत

मत असू द्या, कायदा तसा नाही. वनहक्क कायद्यातल्या ‘वनजमिनी’त अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात. मर्यादाही त्यातच आहेत: जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि तीही प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. वारसाला जातो, विकता येत नाही. 2005 नंतर तोडणाऱ्याला हा कायदा काहीच देत नाही.

---

घोडकाठ

शेकरू काका, तुम्ही शेकरू बघायला येता ते झाड कुणाचं असतं? बहुतेक वेळा हिरडा किंवा आंबा. आमच्याकडं हिरडा कुणी तोडत नाही. तोडणारं पोरगं मार खातं. एप्रिल-मे मध्ये बाळहिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा, काळा कुळकुळीत झाला की पोत्यात. वर्षाचं मीठमिरची, शाळेचं दप्तर, लग्नातला आहेर, सगळं त्यातून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत माणूस गेला नाही, पण लोक रडत होते. शंभर वर्षांची झाडं आडवी. भाताची नुकसानभरपाई मागायला कागद तयार असतो, हिरड्याच्या भरपाईसाठी घोडेगावला जाऊन बसावं लागलं.

म्हणजे तुम्ही जंगल म्हणता ते आमचं उत्पन्न आहे. ते संपवून आम्ही जाणार कुठं, भोसरीला? आलोयच की. 🙂

बाकी 2005 नंतरचे तोडणारे आहेत, खोटं का बोला. पण वळणावरचे तीन बंगले आमच्या कुणाचे नाहीत.

---

शेकरू

हिरड्याचा मुद्दा मान्य. बंगल्यांचाही. राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा) जाळण्याबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

---

तिरपागडा

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण द्यायचं राहिलं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं पहिलं गाव. पट्टा मिळाला तरी बांबू वाहून न्यायचा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला 2011 उजाडलं, त्यासाठी केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. मालक तुम्ही, गेटपास आमच्याकडं. हा आपल्या राज्याचा आवडता खेळ. आता यात विनोद नव्हता, माफ करा.

---

रानजाई

मुळशीत एका कातकरी वाडीवर आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते, म्हणून हा प्रतिसाद. घोडकाठ दादा म्हणाले सातबारावाला नशीबवान. आमच्या वाडीत तर दावा करायलाही जमीन नाही. बावीस घरं, तीन पिढ्या, आणि खालची जमीन गावातल्या एका मालकाची. त्यानं ती मागच्या वर्षी पुण्यातल्या पार्टीला विकली. सातबाऱ्यावर गवत लिहिलंय. घरं लिहिलेली नाहीत. वाडीला गावठाण नाही म्हणून घर नावावर नाही, आणि घर नावावर नाही म्हणून घरकुल अडतं. तारेचं कुंपण चुलीपासून आठ पावलांवर आलं आहे, मी मोजली.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक (दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड). योजना पुष्कळ आहेत, 2023 पासून पीएम-जनमनही आहे. पण दारात शिबिर लागतं ते जानेवारीत, आणि लोक दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले. वाडीत दोन म्हाताऱ्या आणि कुत्री. ग्रामसभेचंही तेच.

जातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा विचारतात. मी एका आजींना विचारलं, तुमचा जन्म कुठला? म्हणाल्या, “भट्टीवरला.” कुठल्या भट्टीवरचा? “ती विझली.”

---

नातू सदाशिव पेठ

हा प्रतिसाद दोनदा वाचला.

रानजाई ताई, क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन मी दोनदा गेलोय. कातकऱ्यांची अवजारं, मुखवटे, वारली चित्रं. त्याच आवारात जात पडताळणीचं काम चालतं हे तेव्हा कळलं होतं, बाहेर फायली घेऊन बसलेली पोरं दिसली होती. मुलानं विचारलं होतं ही कशाला आलीत. मी म्हणालो, काहीतरी सरकारी काम असेल.

---

साठेखत

रानजाई, तीन पिढ्यांची घरं आहेत तर कुंपण पुढं सरकण्याआधी दोन कामं करा. प्रत्येक घराचा तारखेसह फोटो, आणि तहसीलदारांकडे वाडीच्या गावठाणासाठी लेखी अर्ज. पोच घ्या. अर्ज मंजूर होईल याची खात्री नाही, पण वाडी होती याचा सरकारी शिक्क्याचा कागद तयार होतो. मालकानं जुन्या काळी कुणाकडून भाडं, वेठ, काही घेतलं असेल तर तेही लिहून ठेवा.

---

वेताळ टेकडी (धागाकर्ता)

मी एक साधा प्रश्न विचारला होता आणि चार दिवस झोप लागली नाही. एजंटाला परवाच नाही म्हणून कळवलं. खरं सांगतो, पहिलं कारण कायद्याची भीती हेच होतं, मोठेपणा काही नाही.

पण काल त्याचा मेसेज आला: “साहेब दुसरी पार्टी मिळाली, तुमच्याच हिंजवडीची. शुक्रवारी नोटरी.” आता मला कळत नाही मी काय करावं. माझा यात काही संबंध आहे का? तिऱ्हाईत माणूस तक्रार करू शकतो का? आणि मामांनाच पैशाची नड असेल तर? मुलीचं लग्न वगैरे काहीतरी एजंट बोलला होता.

---

साठेखत

जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात म्हणजे त्यांच्या नजरेस आणून द्यायला कुणाचीही हरकत नाही. ग्रामसभेलाही सांगता येईल. पण नडीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. नोटीस निघाली तर पहिला हेलपाटा मामांनाच पडेल, एजंटाला नाही. त्यामुळे आधी तिथल्या कुणाशी तरी बोला.

---

घोडकाठ

गावाचं नाव इथं लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाबांची सुनावणी आली आहे, पुण्यातच, विभागीय समितीपुढं. 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं ही वरची पायरी झाली, नाहीतर जिल्ह्यालाच दार बंद होतं. पावतीची मूळ प्रत घेऊन बाबा शनिवारी येतायत, लॅमिनेट करू नको म्हणून मला दोनदा फोन केला. शाई उडते म्हणे.

आणि टेकडी साहेब, त्या मामांच्या दारात फणस आहे का? विहिरीला लोखंडी रहाट, एका बाजूची कठडी पडलेली?

---

वेताळ टेकडी (धागाकर्ता)

हो. कठडीच्या जागी लाकडाचा ओंडका टाकलाय.

---

घोडकाठ

मग घर कळलं. ते माझ्या आत्याचे दीर. त्या विहिरीवर अर्धी वाडी पाणी भरते. मुलीचं नाही, नातीच्या नर्सिंगच्या फीचं आहे. आज दुसरी पाळी आहे, रात्री सुटल्यावर निघतो.